उपचार मुलांचे, मग निर्णयात मुले का नकोत?



आपटा परिसरातील एखाद्या वाडीवरून कोणाला दवाखान्यात न्यायचे म्हटले की दोन प्रश्न ठरलेले असतात. गाडीचे काय? आणि आज कामाचा खाडा पडला तर संध्याकाळी चूल कशी पेटेल? ताप असो, विंचू चावलेला असो की बाळंतपण असो, या दोन प्रश्नांतून वाट काढल्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही. पण आजारी पडलेला चौदा-सोळा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी असेल आणि आजार मनाचा असेल, तर तिसरा प्रश्नही विचारावा लागतो. तो मात्र बहुतेक वेळा राहून जातो. तो प्रश्न म्हणजे, या मुलाला स्वतःला काय वाटते?

या लेखात त्याच प्रश्नाविषयी थोडे सविस्तर लिहीत आहोत. किशोरवयीन मुलांच्या मानसिक उपचारांत त्यांचे म्हणणे का घ्यायचे, कायदा काय सांगतो, विचारायचे कसे आणि विचारण्याला मर्यादा कुठे येते, हे समजून घेऊ. दूर राहून मदत करणाऱ्या आपल्यासारख्यांच्या वाट्याला यातले कोणते काम येते, तेही शेवटी पाहू.

ठरवणारे पुष्कळ, विचारणारे थोडे

पाताळगंगेच्या काठाने आणि कर्नाळ्याच्या आजूबाजूच्या डोंगरउतारांवर कातकरी व ठाकूर समाजाच्या वाड्या आहेत. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमातींची नोंद सरकारने विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हणून केली आहे. दिवाळी झाली की अनेक कातकरी कुटुंबे मालकाकडून उचल घेऊन वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुले एकतर बरोबर जातात, नाहीतर आजीजवळ किंवा आश्रमशाळेच्या वसतिगृहात राहतात.

अशा जगण्यात मुलाबद्दलचे निर्णय घेणारी माणसे पुष्कळ असतात. आईवडील असतात, आजी-आजोबा असतात, भट्टीचा मुकादम असतो. गावचा भगत असतो. आश्रमशाळेचे मुख्याध्यापक आणि अधीक्षिका असतात. आरोग्य केंद्रातले डॉक्टर असतात आणि आपल्यासारख्या संस्थांचे कार्यकर्तेही असतात.

समजा, एका वाडीवर सोळा वर्षांची मुलगी आहे. तिची झोप उडाली आहे, जेवण तुटले आहे, शाळा सुटली आहे. मध्येच तिचे अंग ताठ होते आणि ती पडते. आजी म्हणते, बाहेरचं काहीतरी आहे. वडील म्हणतात, लग्न लावून टाकू, आपोआप ठीक होईल. शिक्षक म्हणतात, शाळा नको म्हणून ढोंग करते. कार्यकर्ता म्हणतो, डॉक्टरांकडे नेऊ. प्रत्येकाला तिचे भलेच व्हावे असे वाटते. शेवटी तिला डॉक्टरांकडे नेतात. बाहेर रांग मोठी असते, म्हणून डॉक्टर वडिलांना विचारून गोळ्या लिहून देतात. चार दिवस गोळ्या घेतल्यावर तिचे तोंड कोरडे पडते, गरगरते. पाचव्या दिवसापासून ती गोळ्या घरामागे टाकून देते. महिन्याने आपण म्हणतो, या लोकांना औषध नियमित घ्यायची सवयच नाही.

या सगळ्यात तिला दोन साधे प्रश्न कोणी विचारले नाहीत. शाळेच्या वाटेवर किंवा वसतिगृहात असे काय झाले की तुला तिथे जाववत नाही? आणि गोळी घेतल्यावर तुला काय होते? ही मुलगी कोणी एक नाही, उदाहरणापुरती घेतलेली आहे. पण वाड्यांवर काम केलेल्या कोणालाही यातला एखादा तुकडा ओळखीचा वाटेल.

विचारणे हा उपचाराचाच भाग

हात मोडला तर एक्स-रेमध्ये दिसतो. हिवताप रक्ताच्या तपासणीत सापडतो. उदासी, भीती किंवा जगणे नकोसे वाटणे दाखवणारी अशी कोणतीही तपासणी नाही. ज्याला त्रास होतो त्याने सांगितले तरच तो कळतो. म्हणून मनाच्या आजारात मुलाला विचारणे ही केवळ चांगली रीत म्हणून पाळायची गोष्ट नाही. ती तपासणीच आहे. ती न करता दिलेले औषध अंदाजाने दिलेले असते.

दुसरे कारण उपचार टिकण्याचे. उदासीवरच्या बऱ्याच औषधांचा गुण दिसायला दोन-चार आठवडे किंवा त्याहून जास्त लागतात. मळमळ, गरगरणे असे त्रास मात्र पहिल्या काही दिवसांतच सुरू होतात. हे मुलाला आधी सांगितले नसेल, तर औषधाने आपण आणखी बिघडलो असेच त्याला वाटणार. सांगितले असेल, तर ते वाट पाहील आणि फारच त्रास झाला तर येऊन सांगेल.

तिसरे कारण आजाराच्या मुळाशी जाते. आपल्या हातात काहीच नाही ही भावना उदासीला खतपाणी घालते. भट्टीवर जायचे की नाही, शाळा चालू ठेवायची की नाही, लग्न कधी आणि कोणाशी, यातले काहीच ज्या मुलीच्या हातात नाही, तिच्या उपचाराचेही सगळे इतरांनीच ठरवले, तर आपण तिच्या आजारात भरच घालतो. दवाखान्यात कोणाला बरोबर न्यायचे एवढे जरी तिने ठरवले, तरी सुरुवात होते.

हा प्रश्न थोड्या मुलांचा नाही. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात १३ ते १७ वयोगटातील सुमारे ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले. मोठ्यांना होणाऱ्या मानसिक विकारांपैकी जवळपास निम्मे वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे आठवी-नववीतल्या मुलाचे आज ऐकून घेतले, तर पुढची कितीतरी वर्षे वाचू शकतात.

मुलानेच सांगितलेली अडचण

मुलांच्या म्हणण्यावर उपचार उभा करता येतो का? याचे एक चांगले उदाहरण आपल्या शेजारच्या गोव्यातून आले आहे. तिथे १९९६ मध्ये सुरू झालेली 'संगाथ' ही संस्था मानसिक आरोग्यासाठी काम करते. तिच्या संशोधकांनी गोवा व दिल्लीतील किशोरवयीन मुलांशी आधी बोलून शाळांसाठी एक साधी पद्धत तयार केली आणि ती दिल्लीतल्या सरकारी शाळांमध्ये वापरून पाहिली. मुलांना भेटणारे समुपदेशक मनोविकारतज्ज्ञ नव्हते. ते या कामासाठी तयार केलेले सर्वसामान्य तरुण होते. मुलांच्या हातात चित्रकथांच्या छोट्या पुस्तिका दिल्या जात.

या पद्धतीत आजाराच्या नावापासून सुरुवात होत नाही. आपल्याला सर्वात जास्त सतावणाऱ्या अडचणी विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत सांगायच्या आणि प्रत्येकीला शून्य ते दहा गुण द्यायचे. कोणी सांगेल, घरी भांडणे होतात; कोणी सांगेल, अभ्यास डोक्यात शिरत नाही; कोणी सांगेल, मैत्रीण बोलत नाही. मग एक अडचण निवडायची, तिच्यावरचे वेगवेगळे उपाय मांडायचे, एक उपाय करून बघायचा आणि पुढच्या भेटीत पुन्हा गुण द्यायचे. २०२० मध्ये या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नुसती पुस्तिका मिळालेल्या मुलांपेक्षा, पुस्तिकेबरोबर समुपदेशक भेटलेल्या मुलांच्या अडचणी अधिक कमी झाल्या होत्या. लक्षणांच्या ठरावीक मोजपट्टीवर मात्र दोन्ही गटांत तेवढा स्पष्ट फरक दिसला नाही. म्हणजे हा काही सर्व रोगांवरचा रामबाण उपाय नव्हे. पण अडचण कोणती आणि ती कमी झाली का, हे दोन्ही मुलानेच सांगायचे, ही रीत वाडीवरच्या अभ्यासिकेतही चालू शकते. तिला यंत्र लागत नाही आणि खर्चही फारसा येत नाही.

कायदा काय सांगतो

संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार १९८९ मध्ये झाला आणि भारताने तो ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकारला. ज्या मुलाला स्वतःचे मत बनवता येते, त्याला आपल्याशी संबंधित प्रत्येक बाबतीत ते मांडण्याचा हक्क आहे, असे त्याचे बारावे कलम सांगते. वय आणि समज पाहून त्या मताला वजन द्यावे, असेही त्यात आहे. मूल म्हणेल तेच करा, असे मात्र हे कलम म्हणत नाही.

आपल्या देशाचा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा असून तो २९ मे २०१८ पासून लागू झाला. या कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्ती अज्ञान मानली जाते आणि तिच्या उपचाराला संमती देण्याचा अधिकार सर्वसाधारणपणे पालकांचा असतो. तरीही वाड्यांवर काम करताना उपयोगी पडतील अशा काही गोष्टी त्यात स्पष्ट लिहिल्या आहेत.

अज्ञान मुलाला मानसोपचाराच्या रुग्णालयात दाखल करणे हा अपवाद मानला आहे. घरी किंवा गावात राहून होणारे उपाय अपुरे ठरले किंवा योग्य नाहीत असे दिसले, तरच दाखल करायचे. त्यासाठी दोन तज्ज्ञांनी, ज्यांत किमान एक मनोविकारतज्ज्ञ असतो, स्वतंत्रपणे तपासून तसे मत द्यावे लागते. मुलाची इच्छा समजून घेणे शक्य असेल तर ती विचारात घ्यावी लागते. मुलाला मोठ्या रुग्णांपासून वेगळे ठेवायचे असते आणि पूर्ण मुक्कामात पालक किंवा सोबतीचे माणूस त्याच्याजवळ राहते. मुलीबरोबर पुरुष पालक असेल, तर स्त्री सोबतीण नेमावी लागते. दाखल केल्यापासून ७२ तासांच्या आत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवावे लागते. मंडळाचे सदस्य मुलाला प्रत्यक्ष भेटून बोलू शकतात.

मनोरुग्णालय म्हटले की वाडीवर सर्वात मोठी भीती शॉकची असते. हा कायदा अज्ञान मुलांना शॉक देण्यास मनाई करतो. अगदीच आवश्यक वाटले तर पालकांची संमती आणि मंडळाची पूर्वपरवानगी, दोन्ही लागतात. कोणत्याही मनोरुग्णाला साखळीने बांधून ठेवण्यासही कायद्याने बंदी आहे.

आणखी दोन तरतुदी आपण सर्वांनी लक्षात ठेवाव्यात. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला सरकारी मानसिक आरोग्य संस्थांत मोफत उपचार मिळण्याचा हक्क आहे, मग तिच्याजवळ त्याचे कार्ड असो वा नसो. ज्या कातकरी कुटुंबांची कागदपत्रे भट्टीच्या फेऱ्यांत हरवतात, त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. दुसरी तरतूद अशी की समाजातील नैतिक, सामाजिक किंवा धार्मिक रीतीप्रमाणे न वागणे हा मानसिक आजाराचा पुरावा धरता येत नाही. मुलगी लग्नाला नाही म्हणते, मुलगा प्रार्थनेला बसत नाही, कोणी दुसऱ्या जातीत मैत्री केली, एवढ्यावरून कोणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही.

चार गोष्टी असतील तरच ऐकले असे म्हणायचे

मुलाला नुसते विचारले म्हणजे झाले, असे होत नाही. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील प्राध्यापिका लॉरा लंडी यांनी २००७ मध्ये बालहक्क कराराच्या बाराव्या कलमाची चार भागांत फोड करून दाखवली. जागा, आवाज, श्रोता आणि परिणाम हे ते चार भाग. आपल्या भागात त्यांचा अर्थ काय होतो ते पाहू.

जागा म्हणजे जिथे न घाबरता बोलता येईल अशी जागा. झोपडीत एकच खोली असते आणि घरातली सात माणसे तिथेच असतात. तिथे मुलगी काय बोलणार? झाडाखाली, पाण्याच्या वाटेवर, समाजमंदिराच्या ओट्यावर, सर्वांना दिसेल पण ऐकू जाणार नाही अशा ठिकाणी बसावे. मुलीशी शक्यतो स्त्री कार्यकर्तीने बोलावे.

आवाज म्हणजे आपल्या भाषेत बोलण्याची मोकळीक. कातकरी आणि ठाकरी बोली शाळेच्या मराठीहून वेगळ्या आहेत. "तुला नैराश्य आहे का?" या प्रश्नाला उत्तर येणार नाही. "जीव कशात लागतो? कशात लागत नाही?" असे विचारले तर येईल. ज्याला बोलायला जड जाते त्याला चित्र काढू द्यावे किंवा शून्य ते दहा खडे मांडायला सांगावे.

श्रोता म्हणजे ज्याच्या हातात काही करणे आहे असे माणूस. मुलाने अंगणवाडीताईंना सांगितले आणि ते डॉक्टरांपर्यंत पोहोचलेच नाही, तर उपयोग काय? दवाखान्यात निदान पाच मिनिटे मुलाला एकटे भेटता यावे, अशी विनंती डॉक्टरांना जरूर करावी. आईवडिलांना आधी समजावून सांगितले तर बहुतेक जण नाही म्हणत नाहीत.

परिणाम म्हणजे सांगितल्यामुळे काहीतरी बदलणे. बदलणे शक्य नसेल तर का नाही, हे मुलाला येऊन सांगणे. आपण इथेच कमी पडतो. विचारतो, लिहून घेतो, आणि पुढे काय झाले ते मुलाला कधीच कळत नाही. पुढच्या वेळी ते बोलत नाही.

मुले कोणते निर्णय घेऊ शकतात

"एवढ्याशा पोराला औषधातलं काय कळतं?" असे कोणी विचारील. औषधाचे नाव आणि मात्रा ठरवणे डॉक्टरांचे काम आहे, त्यात वाद नाही. पण उपचारात इतर निर्णय कितीतरी असतात. दवाखान्यात आई येणार की मावशी? शाळेत कोणाला सांगायचे आणि कोणाला नाही? गोळी सकाळी घ्यायची की रात्री, म्हणजे वर्गात झोप येणार नाही? काही आठवडे घरी राहायचे की वसतिगृहात? आधी समुपदेशकाशी बोलून पाहायचे का? भगताकडे जाणेही चालू ठेवायचे असेल तर ते डॉक्टरांना सांगायचे का? या प्रत्येक ठिकाणी मुलाचे म्हणणे मोलाचे असते.

कधीकधी तर औषधाची निवडही मुलीच्या सांगण्यावर अवलंबून असते. फिट आणि काही मानसिक आजारांवर व्हॅल्प्रोएट नावाचे औषध देतात. गरोदरपणात ते घेतले तर बाळाला गंभीर व्यंग होण्याचा धोका असतो. म्हणून मुली आणि तरुण स्त्रियांना ते शक्यतो देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. घरात लग्नाची बोलणी चालू आहेत हे सोळा वर्षांची मुलगी वडिलांसमोर डॉक्टरांना सांगणार नाही. एकटीला विचारले तर सांगेल, आणि त्यावरून औषध बदलेल. शिवाय १८ वर्षांच्या आत लग्न लावणे कायद्याने गुन्हा आहे. ते थांबवण्याची वेळही तेव्हाच असते.

भट्टीचा हंगाम ही दुसरी बाब. दिवाळीनंतर कुटुंब कुठे जाणार आणि कधी परतणार हे मुलांना पक्के ठाऊक असते. ते आधी कळले तर डॉक्टर पुरेशा गोळ्या देण्याचा किंवा भट्टीजवळच्या सरकारी दवाखान्यासाठी चिठ्ठी देण्याचा विचार करू शकतात. न सांगता गेले तर औषध अचानक तुटते, आणि ते धोक्याचे असू शकते.

वाडीवर भेट देणाऱ्यांनी हे प्रश्न पाठच ठेवावेत: तुला सगळ्यात जास्त कशाचा त्रास होतो? तो कमी झाला तर तुला काय करता येईल? आत्तापर्यंत काय करून पाहिलंस, कशाने बरं वाटलं? दवाखान्यात कोण बरोबर असावं असं तुला वाटतं? घरी काय सांगू आणि काय नको? या प्रश्नांना शिक्षण लागत नाही, थोडा वेळ मात्र द्यावा लागतो.

जिथे थांबून चालत नाही

काही वेळा मूल नाही म्हणाले तरी मोठ्यांनी पुढे व्हावे लागते. मूल जीव देण्याविषयी बोलत असेल, स्वतःला इजा करत असेल, किंवा खाणेपिणे पूर्ण थांबले असेल, तर वाट पाहू नये. "मरावंसं वाटतं का?" असे सरळ विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही. उलट, मनातले ओझे सांगायला त्याला वाट मिळते. मुलाला एकटे सोडू नये. शेतीची औषधे, उंदराचे विष आणि उरलेल्या गोळ्या घरातून हलवाव्यात किंवा कुलपात ठेवाव्यात. लगेच दवाखाना गाठावा. पोलिसांच्या भीतीने अनेक घरे गप्प बसतात. त्यांना सांगावे की १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारे जुने ३०९ कलम राहिलेले नाही. असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच २०१७ चा कायदाही मानतो.

तसेच मुलाला "मी कोणालाच सांगणार नाही" असे वचन कधी देऊ नये. १८ वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. म्हणून बोलणे सुरू करण्यापूर्वीच सांगावे, "तू सांगशील ते माझ्याजवळ राहील. पण तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कोणी तुला त्रास दिला असेल, तर मला मदत आणावी लागेल. कोणाला सांगतोय ते तुला आधी सांगेन." सक्तीच्या प्रसंगीही मुलाला घडणाऱ्या गोष्टीची माहिती देता येते. गाडी कुठे चालली आहे, तिथे काय होईल, रात्री जवळ कोण राहील, हे तरी त्याला कळलेच पाहिजे.

मदत कुठे मिळते

आपट्यात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. पुढे पनवेलचे उपजिल्हा रुग्णालय आणि अलिबागचे जिल्हा रुग्णालय आहे. मोठ्या आजारासाठी ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम ७ जानेवारी २०१४ पासून सुरू आहे. तो १० ते १९ वर्षांच्या मुलांसाठी असून त्यात मानसिक आरोग्याचाही समावेश आहे. महाराष्ट्रात या कार्यक्रमाची सल्ला केंद्रे 'मैत्री' या नावाने चालतात.

प्रवास शक्य नसेल तर टेलीमानस ही सरकारी फोनसेवा आहे. तिचा क्रमांक १४४१६. ती १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते. अडचणीतल्या मुलांसाठी १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक आहे. हे दोन क्रमांक वाडीवरच्या शाळेच्या भिंतीवर रंगवले, तर मूल कोणाला न विचारताही मदत मागू शकेल.

आपल्या वाट्याचे काम

बार्तीमय आंधळा आहे हे वाटेवरच्या सर्वांना दिसत होते. तरीही प्रभूने त्याला काय हवे आहे ते आधी त्याच्याच तोंडून ऐकले. मंडळीतल्या आपल्या कामालाही हीच रीत लावू या.

पहिली गोष्ट प्रार्थनेची. आजारी मुलासाठी आपण प्रार्थना करतो ते चांगलेच आहे. पण सभेत उभे राहून त्याचे नाव, गाव आणि आजार सांगितला, की तो आठवड्याभरात वाडीपर्यंत पोहोचतो. मग शाळेत चिडवणे सुरू होते, लग्न जुळताना अडचण येते. "तुझं नाव घेऊन प्रार्थना केलेली चालेल का?" असे मुलाला आधी विचारावे. नाही म्हणाले तर नाव न घेता करावी. देवाला नाव ठाऊक आहे.

दुसरी गोष्ट फोटो आणि साक्षींची. आपल्या मदतीने कोण बरे झाले हे वाचायला देणगीदारांना आवडते, आणि ते साहजिकच आहे. पण पंधरा वर्षांच्या वयात छापलेली आपल्या आजाराची कहाणी ते मूल पंचविसाव्या वर्षीही पुसू शकत नाही. मदत मिळाल्यावर त्याला नाही म्हणणेही अवघड जाते. म्हणूनच या लेखात कोणत्याही मुलाची कहाणी नाही आणि फोटोही नाही. हे आपण समजून घ्याल याची खात्री आहे.

तिसरी गोष्ट पैशांची. औषधे सरकारी दवाखान्यात मोफत असली तरी अलिबाग किंवा ठाण्याला जायचे म्हणजे दोन माणसांचे भाडे आणि दिवसभराची मजुरी जाते. आपट्याला रेल्वे स्टेशन आहे, पण तिथे थांबणाऱ्या गाड्या थोड्या आहेत. मुलाने निवडलेल्या सोबतीच्या माणसाचे भाडे आणि बुडालेली मजुरी देता आली, तर त्याच्या निवडीला खरा अर्थ येईल. वाडीवरच्या एखाद्या तरुण-तरुणीला समुपदेशनाचे प्राथमिक प्रशिक्षण देणे हाही देणगीचा चांगला उपयोग आहे. तो तरुण किंवा ती तरुणी मुलांच्याच बोलीत बोलेल.

चौथी गोष्ट आपल्याच घरांची. शहरातल्या आपल्या मंडळीतही परीक्षेच्या ताणाने खचलेली, रात्र रात्र जागणारी मुले आहेत. त्यांच्या बाबतीतही आईवडील, पाळकसाहेब आणि नातेवाईक मिळून सर्व काही ठरवतात. तरुण संघाच्या एखाद्या बैठकीत हा विषय घ्यावा, आणि त्या दिवशी मोठ्यांनी भाषण न करता मुलांना बोलू द्यावे.

आपली एखादी तुकडी या काळात वाडीवर भेट द्यायला येणार असेल, तर कपडे आणि खाऊबरोबर थोडा मोकळा वेळही घेऊन या. एखादे मूल बोलायला तयार असेल तर त्याच्याजवळ बसा, दोनच प्रश्न विचारा आणि उत्तराची वाट पाहा. पहिल्या भेटीत ते काहीच बोलले नाही तरी चालेल. पुन्हा कधी येणार ते सांगा, आणि त्या दिवशी नक्की या.